कागदोपत्री बारा गाई

चहा होईपर्यंत माझी फजिती ऐकून घ्या. गावात ती तुम्हाला कुणीही सांगेल, पण मीठमसाला लावून सांगेल. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेली बरी. आणि आधीच सांगून ठेवतो, मी चुकलो असेन, पण मला लाज वगैरे अजिबात वाटत नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं. नसतं केलं? बरं, ऐका तर खरं.

आमचा अमोल बत्तीस वर्षांचा झाला. एकुलता एक पोरगा. अंगानं धड, वागायला सरळ, गाईची धार काढण्यापासून ट्रॅक्टर खोलण्यापर्यंत सगळं येतं. खोड एकच. शेती करतो. आणि हल्ली मुलीचे बाप 'शेती करतो' हे असं ऐकतात, जणू आपण 'रोज पितो' असं सांगितलंय! तीन वर्षांत किती स्थळं आली आणि चहा पिऊन गेली, त्याचा हिशेब आमच्या चहाच्या पातेल्यालाच विचारा. बरं, या लोकांना जावई शेतकरी नको, पण त्याच्या नावावर शेती मात्र दहा एकर पाहिजे. ती काय नुसती बघत बसायला?

तर आमची वस्ती काष्टीपासून दोन कोसांवर. काष्टीला आमचे एक तात्या आहेत. आठवडे बाजारात बैलांच्या जोड्या जमवतात आणि उरलेल्या वेळात माणसांच्या. एका सोमवारी त्यांचा फोन आला.

"नाना, खर्ड्याकडचं स्थळ हाय. पोरगी बारावी झालीय, गावातल्या दूध डेरीवर दुधाची फॅट मोजती. आरती नाव. पोरानं फोटो पाह्यला, पोरीनं बी पाह्यला, दोगंबी तयार हायती. आता अडलंय ते बापापाशी. तो आदी गुपचूप चौकशी करनार."

"करू द्या की! आमी काय चोर हाय?"

"तसं न्हाई. बुधवारी येतील न्हाईतर गुरवारी. सांगून येनार न्हाईत. कोन तुमी, कशाला आलात, असं काय बी इचारू नका. त्यांनी इचारलं की सांगायचं. आन नाना… जरा चांगलं सांगा."

'जरा चांगलं सांगा.' हे शब्द कुणाचे? तात्यांचे. माझे नाहीत. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढं मला बोल लावताना अर्धा तात्यांना लावता येईल.

अमोलचं म्हणाल तर तो त्या दिवसापासून शीळ घालत गोठ्यात जायला लागला. बत्तीस वर्षांत मी त्याची शीळ ऐकली नव्हती.

बुधवारी सकाळी अमोल दूध घालायला गेला आणि दारात स्कूटर थांबली. चाळिशीच्या एक बाई आणि मागं पिशवी धरून बसलेला एक गृहस्थ.

"नमस्कार काका. आम्ही…"

"या या! आमी कोन ते सांगायचं काय कारन न्हाई. समदं म्हाईत हाय आमाला. आदी पानी घ्या."

"नाही, पण ओळख करून…"

"बाई, वळख मागनं हुईलच की! बसा."

बाईंच्या गळ्यात फोटोचं ओळखपत्र होतं. मनात म्हटलं, मुलीची आत्या नोकरदार दिसते. घराणं चांगलं आहे! बाईंनी मांडीवर टॅब घेतला. डोक्यात ठेवणारे पाव्हणे मी पाहिले होते, बायकोच्या कानात सांगणारे पाहिले होते. टॅबवर उतरवून घेणारे पहिल्यांदाच पाहिले. म्हटलं, जग पुढं गेलं.

"काका, जमीन किती?"

आता खरं सांगायचं तर तीन एकर आमची. आणि अडीच एकर पुण्याच्या चुलत्याची, ती आम्ही वाट्यानं करतो. निम्मं पीक त्याचं, निम्मं आमचं. पण तात्या काय म्हणाले होते?

"नऊ एकर."

"स्वतःची?"

"मग काय हातउसनी आनलीय?"

"बागायत किती, जिरायत किती?"

"समदी बागायत."

"पडीक?"

"पडीक ठिवनारं घरानं न्हाई आमचं!"

"दुसऱ्याची वाट्यानं किंवा खंडानं कसता का?"

"आमी? लोक आमची कसत्यात!"

बाई भराभरा टॅबवर बोट मारत होत्या. मला मोठा हुरूप आला. कुणी आपलं बोलणं असं मन लावून उतरवून घेतलं की माणसाला आणखी सुचत जातं.

"जनावरं?"

आमच्या गोठ्यात दोन जर्शी गाई आणि एक कालवड. बाजूला चार शेळ्या. पण आमच्या गोठ्याला लागूनच शेजारच्या बबनचा गोठा. मध्ये भिंत नाही, नुसत्या दोन आडव्या लाकडी बल्ल्या. त्याच्या आठ गाई, काळ्यापांढऱ्या, एकेक हत्तीएवढी, रवंथ करत उभ्या. मी काय केलं? नुसता हात लांब केला. हात जरा जास्तच लांब झाला.

"या समद्या."

बाई उठल्या आणि चक्क मोजायला लागल्या. "अकरा दिसतात."

"एक चरायला गेलीय."

का सांगितलं? अकरा हा आकडाच अर्धवट वाटतो हो! बारा म्हटलं की कसं भरल्यासारखं वाटतं.

मग आला खरा प्रश्न. "शेतात काम कोण करतं?"

"मी आन पोरगं. बाकी मजूर."

"घरातल्या बायका?"

हा प्रश्न प्रत्येक मुलीचा बाप विचारतो. आमच्या पोरीला उन्हात खुरपायला लावाल का, हे त्यातलं इंगित. मी हातच जोडले. "छे छे! आमच्या घरच्या बाईला बांध कुठला त्ये ठावं न्हाई!"

आणि नेमकी त्याच वेळी आमची ही कांद्याची खुरपणी अर्धी टाकून आली. डोक्यावर गवताचा हा एवढा भारा, पदर खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात.

"या कोण?" बाईंनी विचारलं.

"मजूर," मी म्हणालो.

आता तुम्ही तोंडाला हात लावू नका. शब्द सुटला. सुटलेला बैल आणि सुटलेला शब्द, दोन्हींच्या मागं पळण्यात अर्थ नसतो.

"किती दिवस आहेत कामाला?"

"पस्तीस वर्सं."

"सालानं की रोजानं?"

मी जरा अडलो. "इस्वासावर."

हिनं भारा खाली टाकला. माझ्याकडं एकदा बघितलं आणि काही न बोलता आत गेली. ही भांडली की मला काही वाटत नाही. ही गप्प बसली की मात्र घाम फुटतो.

जाताना बाईंनी टॅब पुढं केला. "काका, इथं बोटानं सही करा. आणि पडताळणीसाठी वरून कुणीतरी येईल, नाहीतर फोन येईल." सोयरिकीत सही? असेल बुवा नवी पद्धत! ठोकली सही. आणि 'वरून' म्हणजे कोण, तर मुलीचा बाप. मी हिशेबच करून टाकला.

संध्याकाळी बबन आला तोच डोळे वटारून.

"नाना, माज्या गाई तुमच्या कवापासून झाल्या?"

"म्हंजी?"

"आवो, सरकारची पाहनी चाललीय! कुनाची जमीन, कोन कसतंय, जनावरं किती, मजूर किती, समद्या देशाचं मोजत्यात. त्या बाई तुमच्याकडनं माज्याकडं आल्या. मी म्हनलं आठ गाई. तर म्हनत्यात, या मगाशी शेजारच्या काकांनी लिवल्यात, तुमच्या कोनत्या? माज्या गोठ्यात उबं ऱ्हाऊन मलाच इचारत्यात!"

बबन तेवढ्यावर थांबला नाही. "नऊ एकर बागायत आन बारा गाई! आता तुमचं रेशन जातंय बगा. आन पुन्याचा चुलता बी येतोय, माजी जमीन तुमच्या नावावर कशी लागली म्हनून."

हे खरं की खोटं कुणाला ठाऊक. गावात असल्या पाहणीबद्दल शंभर वावड्या उठतात आणि आपल्या वाट्याला नेमकी वाईट तीच येते. पण मी घाबरलो नाही बरं का! उलट छाती काढून म्हणालो, "येऊ देत पडताळनीवाले. असं सांगतो की त्यांला मोजायला एक बोट बी लागनार न्हाई."

गुरुवारी अकराच्या सुमाराला दारात गाडी आली. पांढरी बोलेरो. आता तुम्हीच सांगा, पांढरी बोलेरो कुणाची असते? उतरले कोण, तर दोघंजण. एकाच्या डोळ्यांवर चष्मा, दुसऱ्याच्या काखेत फाईल. आणि म्हणतात काय, "इकडनं चाललो हुतो. पानी मिळंल का?"

मनात म्हटलं, वा रे साहेब! पाण्याच्या निमित्तानं गोठा बघता काय?

"घर तुमचंच का?" चष्मेवाल्यानं सुरुवात केली.

"आमचंच. पन गळतंय."

"शेती किती?"

"काल सांगितली ती इसरा. शेती कसली, खडक हाय निस्ता. लोकाची वाट्यानं करतो आन पोट भरतो."

"काल?" दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"हां, काल. काल माजं डोकं ठिकान्यावर नव्हतं."

"जनावरं तर बरीच दिसत्यात."

"शेजाऱ्याची! आमच्या दोनच, त्या बी भाकड." एवढ्यात आमची जर्शी दुधानं तटतटलेली कास घेऊन हंबरली. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"आन शेळ्या?"

"अर्धलीच्या. म्हंजी शेळ्या दुसऱ्याच्या, संबाळायच्या आमी, आन करडं निम्मी निम्मी." चारातल्या दोनच तशा होत्या, पण आता काय, एकदा गरीब व्हायचं ठरलं की मन लावून व्हावं.

"मुलगा काय करतो?"

कमावता मुलगा सांगितला की रेशन गेलंच! "पोरगं? काय करनार! धा वाजेपर्यंत झोपतं. उठलं की मोबाईल बगतं."

"काही व्यसन?"

सरकार आता हेही मोजतं? मला रागच आला. मोजा म्हटलं! "हायती की. पन कदी मोजली न्हाईत."

फाईलवाल्याचा चेहरा पडला. "लगीन झालंय का त्याचं?"

"आवो, त्याला कोन देतंय पोरगी!"

दोघंही उठले. हात जोडले. आतून चहा आला होता, तोही घेतला नाही. गाडी धुरळा उडवत गेली आणि मी मांडीवर थाप मारली. बघा म्हटलं, सरकारला कसं पळवलं!

दुपारी तात्यांचा फोन.

"नाना! आज चौकशीला मानसं आलती. पोरीचा बाप आन मामा. काय सांगितलंत तुमी त्यांना?"

तिकडून तात्या बोलतच होते. पोरगं व्यसनी, जमीन खडक, गाई भाकड, असं स्वतःचा बाप सांगतोय म्हटल्यावर पाव्हणे काय करतील?

अमोल मागंच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "नाना, तीन वर्सांत पयल्यांदा कुनीतरी मला हो म्हनलं हुतं." आणि वैरण टाकायला गेला. शीळ नाही, काही नाही. खोटं कशाला सांगू, त्या वेळी माझं मलाच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

पण मी रडत बसणारा माणूस नाही! घाण मी केली, निस्तरणारही मीच. तात्यांना सांगितलं, उद्या खर्ड्याला जायचं, पाव्हण्यांच्या दारात उभं राहून खरं सांगायचं. तात्या नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. सकाळी निघालो तर ही नवं लुगडं नेसून दारात तयार.

"तू कशाला?" मी विचारलं.

"वझं उचलाया मजूर नगं का?"

दोन दिवसांत हिचं हे पहिलं वाक्य.

खर्ड्याच्या किल्ल्याच्या अलीकडं त्यांचं घर. अंगणात कडुनिंबाखाली तीच पांढरी बोलेरो. ती मुलीच्या मामाची होती. मुलीच्या वडिलांनी बसायला सतरंजी टाकली, पण चेहरा काही सैल केला नाही. आरती दारात चौकटीला टेकून उभी होती.

"नाना," वडील म्हणाले, "तात्यांनी घोटाळा सांगितला. पन बुधवारी तुमी सरकारला नऊ एकर सांगितली, गुरवारी आमाला खडक. आता आज काय सांगायला आलाय?"

"आज खरं सांगायला आलोय."

"आन आजचं खरं, ते कशावरनं?"

मी तोंड उघडलं आणि नेमका फोन वाजला. माझा फोन मागच्या साली हौदात पडला होता, तेव्हापासून तो फक्त स्पीकरवरच बोलतो. कानाला लावा, मांडीवर ठेवा, सगळ्या गावाला ऐकू जातं.

"काका, मी परवा पाहणीला आलेली. तुमच्या माहितीत जरा शंका आहेत. बारा गाई लिहिल्यात, त्यातल्या आठ शेजाऱ्यांच्या फॉर्मवरही आहेत."

बंद करावा, तर पाव्हणे म्हणणार काहीतरी लपवतोय. बोलावं, तर सरकार ऐकतंय. दोघांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि दोघंही आता एकाच वेळी कान लावून बसले होते. माझं डोकंच फिरलं. जाऊ दे तिकडं रेशन म्हटलं!

"लिवा बाई! तीन एकर आमची. त्यात अर्दा एकर पडीक. पडीक हाय तर हाय! अडीच एकर चुलत्याची वाट्यानं करतो, चोरी करत न्हाई. दोन गाई, दोनी दुभत्या. एक कालवड. चार शेळ्या, त्यातल्या दोन अर्धलीच्या. बारावी गाय चरायला गेली न्हाई, ती जल्मालाच आली न्हाई!"

"आणि मुलगा?"

"पाचला उटतो. धारा काढतो, दूध घालतो, दिसभर रानात असतो. त्याला चहाबिगर व्यसन न्हाई. असलं पोरगं तालुक्यात दाखवा मला!"

वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तात्यांनी मला डोळ्यानं खुणावलं, की बास, जमलं. इथं मी थांबायला पाहिजे होतं. हे मलाही कळतंय. पण बाईंनी आणखी एक विचारलं.

"शेतात सगळ्यात जास्त काम कोण करतं?"

"मी!"

हिनं हात पुढं केला आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"बाई, मी ती मजूर बोलती. त्या दिशी भारा घिऊन आलेली."

"…हो, हो. बोला."

"मी ह्यांची बायकू. आता मी सांगती त्ये लिवा."

आणि ही जी सुरू झाली! खुरपणी कुणी केली, कांदा कुणी लावला, कुणी काढला, गाईंना वैरण कोण टाकतं, शेळ्यांमागं कोण जातं. बाईंनी विचारलं, वर्षातले किती दिवस काम? ही म्हणाली, "सनावाराचे तेवडे सोडून लिवा." मग जरा थांबून म्हणाली, "न्हाई, ते बी नगा सोडू."

"आणि काका?"

हिनं माझ्याकडं पाहिलं. मी कडुनिंबाकडं पाहिलं.

"सकाळी पेपर. मग पारावर. दुपारी झोप. चार वाजता उटून बबनच्या गाई बगत बसत्यात."

"मग त्यांच्यापुढं काय लिहू?"

"तुमच्याकडं काय काय रकाने हायती?"

बाई वाचायला लागल्या. "स्वतःच्या शेतीत काम. मजुरी. नोकरी. शिक्षण. काम नाही, पण शोधतात…"

"फुडं?"

"काम करत नाही आणि शोधतही नाही."

"ह्यो! ह्यो टाका!"

आरती चौकटीला धरून इतकी हसली की खालीच बसली. मामा हसला, तात्या हसले. तात्यांनी तरी हसायला नको होतं, कुणाच्या बाजूचे ते? मुलीच्या वडिलांनी टोपीनं डोळे पुसले आणि म्हणाले, "नाना, तुमच्यावर माजा काडीचा इस्वास न्हाई. पन वैनींवर हाय." आरतीनं पुढं येऊन हिच्या पायाला हात लावला, तेव्हा वडिलांनी नुसती मान हलवली. त्याच दिवशी सुपारी फुटली. घरी येऊन सांगितलं, तर अमोल माझ्या नाही, आईच्या गळ्यात पडला.

पोरगं खूश, ही खूश, खर्डा खूश. मी मात्र गप्प बसणार होतो होय? दुसऱ्याच दिवशी त्या बाईंना फोन लावला. म्हटलं, एवढ्या मोठ्या देशाची माहिती जमवताय आणि एका कष्टकरी माणसाला असल्या रकान्यात टाकता? ताबडतोब दुरुस्त करा!

"होईल की काका," बाई म्हणाल्या. "फक्त कुटुंबप्रमुखाची सही लागेल."

"मग मीच की!"

"नाही काका. तुमची सगळी माहिती चुकली होती ना, म्हणून तो फॉर्म रद्द करून काकूंच्या सांगण्यावरून नवा भरला. त्यात कुटुंबप्रमुख काकू आहेत."

झालं! आज आठ दिवस मी हिच्यामागं सहीसाठी फिरतोय. ही म्हणते, "खोट्यावर मी सही करनार न्हाई. आदी रोज गोठा झाडा, मग शेतीत काम करतो म्हनून लिवून देती."

मग झाडतो का, विचारताय? झाडतो. पण एक सांगून ठेवतो, वाकून नाही झाडत! काष्टीच्या बाजारातून चांगला लांब दांड्याचा खराटा आणलाय.